माणसाचा जीव आणि आपलं मत : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कळव्यात राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. शिक्षकाची नोकरी म्हणजे निवडणुकीची ड्युटी ठरलेलीच, त्यामुळे मतदान केंद्राच्या आतलं जग बरंच पाहिलं आहे. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानाआधी आमच्या गच्चीवर आणि मग दिवा, ऐरोली, घणसोलीतल्या ओळखीच्या घरांत गप्पा झाल्या. ठाणे जवळपास नऊ वर्षांनी आणि नवी मुंबई जवळपास अकरा वर्षांनी नगरसेवक निवडत होती. त्यातली शेवटची वर्षं प्रशासकांची. नगरसेवक नावाचा माणूस नेमका काय करतो, हे पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना माहीतच नव्हतं. गप्पांची सुरुवात खड्ड्यांपासून व्हायची आणि गाडी दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबायची : इथे माणसाच्या जिवाला किंमत आहे का, आणि असली तर ती मतपेटीपर्यंत पोचते का? निवडणूक झाली, तरी लोक अजून तेच विचारतात. तेव्हा एकदाच लिहून ठेवते.

जिवाची किंमत हा निवडणुकीचा मुद्दा कसा? माणसाच्या जिवाविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार कुणी पाहिलाय?

कुणीच नाही. म्हणून हा मुद्दा भाषणातून कळत नाही, कामांच्या क्रमावरून कळतो. पैसा तेवढाच आणि कामं पाच असली की आधी कुठलं धरलं ते बघायचं. चौकातली कमान, तलावपाळीची रोषणाई, की पुलाखालचा काळोखा रस्ता? कमान कुणालाच नको असते असं नाही. पण ती आधी झाली आणि पुलाखाली दिवा दोन वर्षांनी लागला, तर उत्तर मिळालं.

दुसरी खूण म्हणजे कुणाचं मरण मोजलं जातं. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत होत्या. दारात लोंबकळणारे प्रवासी आणि त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या एकमेकांना घासल्या, असं रेल्वेने सांगितलं. तेरा जण खाली पडले, त्यातले चार जण त्या दिवशी गेले. साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवू, अशी घोषणा रेल्वेने त्याच दिवशी केली. इथे माझ्यातली गणिताची बाई जागी होते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. म्हणजे रोज पाच-सहा. ९ जूनच्या आदल्या दिवशीही मेली असणार आणि नंतरच्या दिवशीही. दारांची आठवण मात्र तेरा जण एकदम पडले तेव्हा झाली.

रेल्वे केंद्राची. मग नगरसेवकाला त्याबद्दल काय विचारायचं?

बरंच काही. दिव्यात एवढी माणसं रेल्वेने आणून सोडली नाहीत. खाडीच्या कडेने, शेतजमिनीवर चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, त्यांना नळ मिळाले, मीटर लागले, घरपट्टीची बिलं आली. हे सगळं पालिकेच्या डोळ्यांदेखत झालं. मतदारयादी फुगली, फलाट तेवढेच राहिले.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. त्याआधी ती दहा वर्षांहून जास्त रखडली होती. कल्याणकडून येणाऱ्याला ठाण्यात न उतरता नवी मुंबईत जाता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग आखला गेला. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं, पण मुख्य मार्ग अडला तो वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर. त्या झोपड्यांतल्या लोकांना घर कुठे द्यायचं, हे रेल्वे एकटी ठरवू शकत नाही. तिथे आमदार आणि नगरसेवक दोघांनाही धरायला हवं.

मी मुलांना ढोबळ सांगते : गाडी खासदाराकडे, पोलीस आणि सिव्हिल हॉस्पिटल आमदाराकडे, गटार, इमारत, पालिकेचं रुग्णालय नगरसेवकाकडे. रस्त्यांचं मात्र विचारू नका. घोडबंदरला खड्डा नक्की कुणाचा, हे ठरेपर्यंत नवरात्र येतं.

आमची इमारत धोकादायक यादीत आहे. नोटीस थांबवून देणाऱ्याला मत द्यावं का?

हा प्रश्न नौपाड्यात, किसननगरात, दिघ्यात, शीळला सारखाच विचारला गेला आणि याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. आधी माहिती देते.

पावसाळ्याआधी पालिका यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे माणसं बाहेर काढून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. यादी वर्तमानपत्रात येते, नोटीस जिन्यात चिकटते, आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी शाखेत जातं.

४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यात कृष्णा निवास पडली, बारा माणसं गेली. ती जुनी इमारत होती. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली ती मात्र जुनी नव्हती, अजून बांधतच होते. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबं राहायला आणली होती. पाडायला कुणी आलं तर माणसं दाखवता यावीत म्हणून, असं तेव्हा बातम्यांत आलं. ७४ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं बरीच. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवकही पकडले गेले. म्हणजे तिथे कुणीतरी आधी नोटीस थांबवलीच होती की.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली माणसं रस्त्यावर आली. जमीन एमआयडीसीची आणि सिडकोची, बांधणारा पैसे घेऊन गेलेला, कर्ज डोक्यावर. त्या माणसाला तुम्ही ‘जीव महत्त्वाचा, घर सोडा’ असं सांगायला जाल, तर तो विचारेल : सोडून जाऊ कुठे? निवारा आणि रोजगाराशिवाय जगण्याचा हक्क पोकळ ठरतो, हे मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच मानलं आहे. ते घर नियमित करून देतो म्हणणाऱ्याला मत देणारा माणूस मूर्ख नसतो, आणि जिवावर उदार तर अजिबात नसतो. स्लॅब पडण्याची भीती आणि बेघर होण्याची भीती यांत त्याला दुसरी जास्त जवळची वाटते.

माझ्या मावशीचं घर जुन्या ठाण्यात, पागडीचं, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेलं भाड्याचं. इमारत सी-१ मध्ये गेली. एकदा बाहेर पडलो की मालक परत आत घेणार नाही, या भीतीने कुणी हलेना. तिथल्या एका नगरसेवकाने शब्द टाकला आणि नोटीस दोन पावसाळे ढकलली गेली. मावशी त्याचा फोटो देवघराशेजारी लावायची तेवढी बाकी होती. मी तेव्हा तिच्याच पत्त्यावर मतदार होते आणि मीही त्यालाच मत दिलं. तिसऱ्या वर्षी दुपारी तीनच्या सुमारास जिन्याचा स्लॅब खाली आला. शाळा सुटायची वेळ साडेपाचची, म्हणून जिन्यात पोरं नव्हती. एवढंच कारण. मावशी मग रेंटलच्या, म्हणजे तात्पुरत्या भाड्याच्या घरात गेली आणि तिथेच वारली.

त्यामुळे आता मी उमेदवाराला नोटिशीबद्दल विचारतच नाही. तीन गोष्टी विचारते : बाहेर पडलेल्या भाडेकरूला हक्काचं लेखी प्रमाणपत्र किती दिवसांत मिळवून देणार, तात्पुरती घरं वॉर्डाच्या किती जवळ, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा खर्च कोण करणार. नोटीस थांबवणं एका फोनचं काम आहे, आणि फोनवाले भरपूर आहेत.

दुर्घटना झाली की लगेच येऊन मदत जाहीर करणाऱ्याला माणसाची कदर असते, असं म्हणायचं का?

येऊ द्या की. आलाच नाही त्यापेक्षा बरं. पण मदतीच्या रकमा एका कागदावर मांडून बघा, मी एकदा फळ्यावर मांडल्या होत्या. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर नियमाप्रमाणे आठ लाख. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने गेला तर सहा लाख, हे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवून दिलं. गटारात गुदमरून गेला तर तीस लाख, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश. दहीहंडीच्या थरावरून पडून गेला तर दहा लाख, ही २०२२ मधली राज्य सरकारची घोषणा. आणि १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसून उष्माघाताने जे चौदा जण गेले, त्यांच्या घरच्यांना पाच लाख जाहीर झाले.

माणूस तोच. कळव्याचाच धरा. कुठे मेला त्यावर दर.

या सगळ्यात मला गटाराचा तीस लाखांचा आकडा सगळ्यात जास्त पटतो. मरणाऱ्याचा जीव जास्त मोलाचा म्हणून नाही. एवढा मोठा आकडा भरण्यापेक्षा यंत्र घेणं स्वस्त पडावं म्हणून. खड्ड्यांच्या आदेशातही पैसे नंतर जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची सोय आहे. उमेदवाराला विचारा, आपल्या पालिकेत अशी वसुली कुणाकडून झाली का? मी दोघांना विचारलं. एकाने चहा मागवला.

खारघरचंही जाता जाता. दुपारचं ऊन एप्रिलमध्ये कसं असतं, हे नवी मुंबईतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मांडव स्टेजवर होता, समोर नव्हता. त्या गर्दीतली माणसं श्रद्धेने आली होती, कुणी ओढून आणली नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या डोक्यावर सावली असण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यांची होती.

एक उमेदवार स्वच्छ आहे पण कधी दिसत नाही. दुसऱ्यावर गुन्हे आहेत, पण रात्री दोन वाजता त्याचीच अँब्युलन्स येते. कुणाला द्यायचं?

शंभर वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणारी बहुतेक वेळा बाई असते, कारण रात्री दोन वाजता सासऱ्यांना खाली उतरवायचं तिलाच असतं.

ठाण्यात याला मोठा इतिहास आहे. टेंभी नाक्यावर शिवसेनेच्या आनंद दिघ्यांकडे माणसं रात्री-अपरात्री जायची : हॉस्पिटलचं बिल, रक्ताची बाटली, दाखला. जीव वाचवणारा माणूस म्हणून लोक त्यांच्याकडे बघायचे. २६ ऑगस्ट २००१ ला ते ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात वारले आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या जमावाने ते रुग्णालय जाळलं. आतल्या रुग्णांना खाटांवरून उचलून बाहेर काढावं लागलं. मी तेव्हा बऱ्यापैकी तरुण होते. त्या संध्याकाळी वाटलं ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही : एका माणसाच्या जिवापायी शेकडो माणसांची जीव वाचवायची जागाच गेली.

तर अँब्युलन्स. ती पाठवणारा चांगलं काम करतो, यात वाद नाही. पण ती रुग्णाला घेऊन जाते कुठे, याचाही विचार करा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. सिव्हिल हॉस्पिटलचं नवं बांधकाम चालू असल्याने ते तात्पुरतं मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं, आणि शहापूर, मुरबाड, भिवंडीपासूनचा भार कळव्यावर आला होता. बरेच रुग्ण खासगी दवाखान्यांत पैसे संपल्यावर शेवटच्या अवस्थेत आणलेले होते. त्या रात्री कुणाकुणाच्या अँब्युलन्स तिथे वेळेवर पोचल्याच असतील. आत खाट, व्हेंटिलेटर आणि डॉक्टर पुरेसे नसले तर वेळेवर पोचून होतं काय?

मत कुणाला द्यायचं ते मी सांगत नाही. अँब्युलन्सवाल्याला जाऊन विचारा : दादा, रुग्णालयात आयसीयूच्या खाटा किती, मंजूर पदं किती, भरलेली किती? त्याला आकडे माहीत असले तर तो तुमच्या समजुतीपेक्षा बरा नेता आहे. स्वच्छ पण अदृश्य उमेदवारालाही हेच विचारा. स्वच्छ असणं हे काम नव्हे, ती अट आहे. आणि गुन्हे कोणते, हे उमेदवाराच्या शपथपत्रात वाचा. मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एकाच रकान्यात दिसतात, म्हणून ते सारखे होत नाहीत.

एन्काउंटर झालं म्हणून मत दिलं तर त्यात चूक काय? पीडितेच्या जिवाची किंमत नको का?

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला लोक रुळांवर बसले तेव्हा माझ्या ओळखीच्या तीन आया तिथे होत्या. शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवायला तासन् तास लागले होते. त्यांच्या संतापावर मी एक अक्षर बोलणार नाही. २३ सप्टेंबरला आरोपीला नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये तो गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं शस्त्र हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणात गोळी चालवली, असं पोलिसांनी सांगितलं. उच्च न्यायालयाने त्या कथनावर प्रश्न विचारले. दरम्यान ‘बदला पुरा’चे फलक लागले होते आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं.

माझं मत असं : खटला चालला असता तर शाळेत कुणी काय लपवलं, तक्रार कुणी का अडवली, हे साक्षीपुराव्यात उलगडत गेलं असतं. मुख्य आरोपीच गेल्यावर ते सगळं अर्धवट राहतं. पुढच्या मुलीचा जीव ज्या माहितीने वाचला असता, ती माहिती गेली. घटनेच्या २१ व्या कलमात ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. नकोशा माणसालाही ते लागू होतं. फाशीसुद्धा कायद्यात आहे, पण १९८० पासून ती ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणात आणि न्यायालयानेच द्यायची असते. हे सांगितल्यावर गच्चीवरची निम्मी माणसं माझ्यावर चिडली. चिडू देत. त्यातल्या एकीने दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीच्या शाळेत जाऊन सीसीटीव्ही आणि महिला मदतनीस यांची चौकशी केली. तिला मी मानते.

अमेरिकेत म्हणे ‘जीवनवादी’ मतदार असतात. तसं आपल्याकडे का नाही?

तिथे या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा गर्भपाताला विरोध असा होतो. २२ जानेवारी १९७३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ खटल्यात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिलं, २४ जून २०२२ ला ‘डॉब्स’ खटल्यात ते काढून घेतलं आणि निर्णय राज्यांकडे गेला. मधली जवळपास पन्नास वर्षं लाखो लोकांनी राष्ट्राध्यक्ष निवडताना मुख्यतः एवढंच पाहिलं की हा न्यायालयात न्यायाधीश कोण नेमेल. गर्भातला जीव हाही पूर्ण जीवच, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा. समोरच्यांची श्रद्धाही तेवढीच प्रामाणिक, की बाईच्या शरीरावर आणि जिवावर हक्क तिचा. शिवाय माणसं पक्षाच्या चौकटीत बसतातच असं नाही : परंपरावादी मानल्या जाणाऱ्या कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ च्या सार्वमतात गर्भपाताचं संरक्षण काढायला लोकांनी नकार दिला.

मला त्यात एक माणूस महत्त्वाचा वाटतो, शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन. त्यांनी १९८३ मध्ये असं मांडलं, की जीव पवित्र मानायचा तर गर्भपात, अण्वस्त्रं, फाशी, गरिबी सगळीकडे सारख्याच काटेकोरपणे मानावा लागेल, सोयीचं तेवढं घेता येणार नाही. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. माझ्या कळव्यातल्या ख्रिस्ती शेजारणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘बाई, आमच्या फादरना विचारलंत तर ते हेच सांगतील, पण मतदानाच्या आदल्या दिवशी नाही.’

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक प्रकरणांत मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. त्यावर इथे कुणी मतं मागत नाही. गर्भलिंग निदानावर मात्र मागायला हवी होती. त्यावर पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाने १९९४ मध्ये. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी शहरात पालिकेचं आरोग्य खातं करतं, म्हणजे विषय थेट नगरसेवकाच्या अंगणातला. एकही उमेदवार त्यावर बोलत नाही, कारण डॉक्टरही मतदार, सासूही मतदार, आणि जन्मालाच न आलेली मुलगी कुठल्याच यादीत नाही.

धर्माच्या शिकवणुकीप्रमाणे मत दिलं तर बेकायदा आहे का?

नाही. तुमच्या मनात काय चाललंय ते कुणी तपासत नाही. बंदी उमेदवारावर आहे : धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार ठरतं. मतदाराचा धर्म पुढे करून मागितलं तरीही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन मतांनी दिला. तो खटला आपल्या सांताक्रूझचा, १९९० च्या निवडणुकीचा. निकालाला सत्तावीस वर्षं लागली.

कबुतरं, कुत्री यांच्याही जिवाचा विचार करायचा का?

करा, पण वेगळ्या बैठकीत. आमच्या गच्चीवर हा विषय निघाला त्या दिवशी जैन काका आणि दम्याचे आजोबा यांच्यामध्ये मला खुर्ची टाकून बसावं लागलं.

दहीहंडीच्या थरांवर बोललं की मतं जातात. मग कुणी बोलेल कसं?

खरं आहे, जातात. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षं वयाची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वय चौदावर आलं. २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा आणि विमा दिला. नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंतच्या मोठ्या हंड्या कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या असतात आणि वरच्या थरावर चढणारं पोर कधीच त्या नेत्याचं नसतं. मला हंडी आवडते, खोटं कशाला बोलू. सगळ्यात वरच्या एक्क्याने हात वर केला की अंगावर काटा येतो. पण हार्नेस आणि हेल्मेट नसेल तर बघायला जात नाही, आणि आयोजकाला तसं कळवते. त्याला माझ्या एका मताने फरक पडत नसेल, पण आमच्या इमारतीत ६४ मतं आहेत.

आमच्या सोसायटीने सेप्टिक टँक साफ करायला नाक्यावरचे मजूर आणले. याचा मतदानाशी काय संबंध?

आधी तुमच्याशी संबंध आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि उतरवणारी सोसायटीही त्यात येते. पालिकेची गाडी मागवा. दोन दिवस थांबावं लागतं, थांबा. नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली याचा मलाही अभिमान आहे. त्या क्रमांकासाठी झटणाऱ्या कंत्राटी कामगाराला हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार मिळतो का, हे विचारणारा उमेदवार मला अजून भेटायचाय. सोसायटीच्या सभेत ‘चारशे रुपयात होतंय ना’ म्हणणारे आपण आणि नेत्यांना जिवाची किंमत विचारणारे आपण, ही दोन माणसं एकाच सोफ्यावर बसलेली असतात.

एका प्रभागात चार मतं असतात. चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का?

नाही. अ, ब, क, ड या चार जागांसाठी चार वेगळी बटणं दाबायची, प्रत्येकाचं माणूस बघून. (ठाण्यात आणि नवी मुंबईत एकेक प्रभाग तिघांचा आहे.) एखाद्या जागेला कुणीच पटत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण तीच जागा मोकळी सोडून बाहेर पडू नका, मतदान पूर्ण झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबा. ड्युटीवरच्या बाईला तुमच्या मागे धावायला लावू नका.

निवडून आल्यावर त्यांना गाठायचं कुठे?

प्रभाग समितीत. सर्वसाधारण सभेपेक्षा तिथे काम लवकर हलतं. तोंडी सांगू नका, एका विषयाला एक पत्र द्या : अमुक पुलाखाली दिवा नाही, अमुक मॅनहोलला झाकण नाही, अमुक जिन्याचे गज दिसतायत. फोटो जोडा, तारीख टाका, दोन प्रती न्या आणि दुसरीवर पोच घ्या. आमच्याकडच्या एका कार्यालयात शिक्का मारणारे दुपारी एकला जेवायला उठतात आणि कधी परत येतील याचा नेम नसतो, म्हणून साडेअकरापर्यंत पोचा. मी बुधवारी जाते. कळव्यातल्या कुणाला सोबत यायचं असेल तर स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षा स्टँडपाशी.